परगांवचा शिधा

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतील धारूर, केज, वडवणी, शिरूर कासार या तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या बाहेर पडतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रांत जातात, कोणी कर्नाटकांत. परत येतात तों उन्हाळा लागलेला असतो. पूर्वीं इतके महिने त्यांच्या वांट्याचें धान्य गांवच्याच दुकानीं अडकून राही. ओळख पटविणारी वही दुकानदाराजवळ, आणि ती कांहीं टोळीबरोबर जात नसे.

ही अडचण कशी दूर झाली, तें समजून घेण्यासारखें आहे. आज रेशनच्या दुकानांत जें लहानसें यंत्र दिसतें, तें निव्वळ द्वारपाल आहे. ओळखीचें दफ्तर त्याच्याजवळ नसतें. बोट टेकतांच ठशाची नोंद सांकेतिक रूपांत आधारच्या मध्यवर्ती भांडाराकडे जाते. हा आधार क्रमांक प्रथम दिला गेला तो २०१० सालीं महाराष्ट्रांतच, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं. भांडाराकडून उत्तर येतें तें ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच. मनुष्य तोच, हें ठरलें. पण त्याला किती द्यावयाचें, हें भांडाराला ठाऊक नसतें. तो हिशेब अन्नखात्याच्या दप्तरीं असतो. २०१३ च्या कायद्यानें प्राधान्य कुटुंबास दरमहा माणशीं ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य ठरविलें आहे.

ओळख एकीकडे व हक्क दुसरीकडे, अशी विभागणी झाल्यामुळें दुकानोदुकानीं नोंदींच्या नकला ठेवण्याचें कारण उरलें नाहीं. ऑगस्ट २०१९ मध्यें महाराष्ट्र व गुजरात यांनीं एकमेकांच्या शिधापत्रिका मान्य केल्या. जून २०२२ पर्यंत सर्व राज्यें या योजनेंत आलीं. आतां मजूर फडाजवळच्या दुकानांत आपला वांटा घेऊं शकतो, आणि उरलेला वांटा गांवीं राहिलेल्या म्हाताऱ्या आईबापांना मिळूं शकतो.

परंतु ज्या द्वारपालाजवळ स्वतःचें दफ्तर नाहीं, तो निरोप खुंटला कीं हतबल होतो. डोंगरपट्टींतील गांवीं दूरध्वनीच्या लहरी क्षीण असतात. शिवाय कोयता धरून धरून बोटांवरील रेषा झिजतात. मनुष्य खरा असूनहि उत्तर ‘नाहीं’ येतें. यंत्राच्या दृष्टीनें ही लहानशी चूक असेल. चुलीपुढें बसलेल्या बाईच्या दृष्टीनें ती एक महिन्याची उपासमार ठरूं शकते.

म्हणूनच ठसा जुळला नाहीं एवढ्यावरून धान्य नाकारूं नये, असें केंद्र सरकारनें २०१७ मध्यें राज्यांना बजावलें. बुबुळाची ओळख, भ्रमणध्वनीवर येणारा क्षणिक संकेतांक, आणि अखेरीस कागदावरील नोंद, असे पर्यायी मार्ग त्यासाठींच आहेत. शहरांतील बँका व कचेऱ्या यांचीं दारेंहि आतां बहुधा याच रीतीनें उघडतात. दूरचें दफ्तर मौन धरील तेव्हां खऱ्या माणसास कोणत्या वाटेनें आंत घ्यावयाचें, हें आधीं ठरवून ठेवलें असेल, तरच अशी व्यवस्था पूर्ण म्हणतां येईल.