अंथरूण ओले करणारी मुले



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंतव्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवर राजकारण, धर्मकारण, अर्थकारण असे मोठमोठे विषय येऊन गेले. माझा आजचा विषय अगदीच घरगुती आहे. मुले अंथरूण ओले करतात, त्याविषयी मी बोलणार आहे. पत्रिकेत तो वाचून काहींना हसू आले असेल. हसण्यास हरकत नाही. मात्र ज्या घरात रोज पहाटे हा प्रसंग घडतो, त्या घरात कोणी हसत नाही.

आपल्या लांज्यात आषाढात गोधडी वाळत नाही. पडवीतल्या वलणीवर टाका, चुलीच्या उबेला धरा, चार दिवस तिचा वास घरभर राहतो. आईचा जीव मेटाकुटीस येतो आणि मुलाच्या पाठीत धपाटा बसतो. भरीस भर म्हणून चारचौघांदेखत त्याला एक टोपणनाव मिळते. ते मी येथे उच्चारीत नाही. आपणां सर्वांस ते ठाऊक आहे.

मला आज सांगावयाचे ते एवढेच, की या मुलाचा काही गुन्हा नाही. आणि बहुतेक मुलांना या त्रासातून सोडविण्यास शस्त्रक्रिया लागत नाही, घरच्यांची चिकाटी लागते.

आजार नवा नाही. शार्ङ्गधरसंहितेत बालरोगांमध्ये शय्यामूत्राची गणना केलेली आहे. पाच वर्षांपर्यंत रात्री अंथरूण भिजले तर त्याला रोग म्हणावयाचेच नाही. सातव्या वर्षी शंभरांतील पाच ते दहा मुलांची ही तक्रार असते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दोन-चार मुले हे गुपित पोटात ठेवून बसलेली असतात, आणि प्रत्येकाला वाटते, जगात आपण एकटेच असे. काही उपचार न करताही दरवर्षी अशा शंभर मुलांतील सुमारे पंधरा बरी होतात. नवस, अंगारे, गाऱ्हाणी यांच्या पदरात जे यश पडते, त्यातील पुष्कळसे या पंधरांचे असते. गाऱ्हाणे जरूर घाला. पण उरलेल्या पंच्याऐंशींचाही विचार करा.

हे होते कशाने? रात्री मेंदूच्या तळाशी असलेल्या एका ग्रंथीतून एक संप्रेरक अधिक पाझरते आणि त्याच्या आज्ञेने मूत्रपिंडे लघवी कमी तयार करतात. काही मुलांत ही आज्ञा पुरेशी पोहोचत नाही. रात्रीही लघवी भरपूर साचते. काहींचे मूत्राशय थोडे भरताच आकसते. आणि या दोहोंच्या जोडीला तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे मूत्राशयाने दिलेली हाक झोपेतल्या मुलाला ऐकू येत नाही. यात आळस कोठे आला? हट्ट कोठे आला? शिवाय हे पुष्कळदा घराण्यातूनही येते. आईबापांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल, तर मुलांत तो शंभरी चाळिसांहून अधिक आढळतो. दोघांनाही असेल तर पाऊणशेच्या घरात जातो. तेव्हा धपाटा घालण्यापूर्वी बापाने आपल्या आईस एकदा विचारून पाहावे!

आता माझीच एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. रात्री अंथरूण भिजे, आणि शाळेतही चड्डी ओली होई. ‘डॉक्टर, ऑपरेशन करावे लागेल का हो?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. मी लघवी तपासली, ती निर्दोष निघाली. ‘मोठी झाली की थांबेल’ असे सांगून परत पाठविले. चार महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा मुलीने शाळेत जाणेच सोडले होते. मग मी जे पहिल्याच दिवशी विचारावयास हवे होते, ते विचारले. शौचास कधी होते? तीन-चार दिवसांनी एकदा. शाळेत पाणी पितेस का? नाही. का नाही? तर प्यायले की जावे लागते, आणि शाळेच्या मुतारीच्या दाराला कडी नव्हती.

सगळा उलगडा त्या कडीत होता. मलाशय मूत्राशयाच्या मागेच असते. मळाने ते फुगले की मूत्राशयावर दाब पडतो, जागा कमी होते, ते वेळी-अवेळी आकसते. त्यात दिवसभर लघवी दाबून धरण्याची सवय लागली की बंद ठेवणारे स्नायू सैल सोडण्याचे विसरतात. लघवी अर्धीच होते, राहिलेली पुढे गळते. मी त्या मुलीला पोट साफ होण्याचे सौम्य औषध काही महिने दिले. गुरुजींनी कडी बसविली. दर दोन-अडीच तासांनी, लागो वा न लागो, लघवीस जाण्याचा नेम ठरविला. दिवसाचे भिजणे दोन महिन्यांत थांबले, रात्रीचे थांबावयास त्याहून अधिक काळ लागला. आणि मुलगी शाळेत परत गेली.

तेव्हा उपचाराचा पाया हाच. दिवसा पाणी भरपूर द्यावे, संध्याकाळनंतर बेताचे. चहा बंद. झोपण्यापूर्वी लघवी. बसताना घाई नको. खुर्चीसारख्या शौचपात्रावर बसत असेल तर पायांखाली पाट द्यावा, म्हणजे अंग सैल सुटते. एका वहीत कोरड्या आणि ओल्या रात्री लिहाव्यात. दोन दिवस लघवी मापून पाहावी. वयात एक मिळवून तिसाने गुणले की त्या वयाच्या मूत्राशयाची साधारण धारणा मिळते. सात वर्षांच्या मुलाची २४० मिलिलिटर, म्हणजे मोठा पेलाभर. हा हिशेब बाराव्या वर्षापर्यंत चालतो.

एवढ्याने रात्रीचे न थांबल्यास गजराचा उपाय आहे. त्याचा उगम गमतीचा आहे. १९०४ साली फाउंडलर नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी अंथरूण भिजताच परिचारिकेस कळावे म्हणून विजेची घंटा योजिली. आणि पाहतात तो घंटेची सवय झालेली मुले कोरडी राहू लागली! १९३८ साली अमेरिकेत मॉवरर दांपत्याने त्याची उपचारपद्धती बनविली. आज चड्डीला लावण्याचा लहानसा गजर मिळतो. पहिल्या थेंबाला तो वाजतो. प्रारंभी मुलाला तो ऐकू येत नाही, घरच्यांनाच येतो. त्यांनी उठून मुलाला पुरते जागे करून न्यावयाचे. दोन-तीन महिने हे नेटाने केले, तर तीनांतील सुमारे दोन मुले कोरडी होतात. सलग चौदा रात्री कोरड्या गेल्यावर गजर काढावा. बाप मुंबईस आणि आई एकटी शेतावर राबून थकलेली, अशा आपल्याकडच्या घरांत हे सोपे नाही. तेथे आजीने, काकाने रात्र वाटून घ्यावी.

डेस्मोप्रेसिन नावाचे औषधही आहे. वर सांगितलेल्या संप्रेरकाचेच ते काम करते. सहलीला, लग्नकार्याला जाताना त्याचा चांगला उपयोग होतो. मात्र सोडले की त्रास पुष्कळदा परततो. ते घेतलेल्या रात्री पाणी प्यावयाचे नाही, नाहीतर रक्तातील मीठ घातक रीतीने उतरते. याच कारणासाठी २००७ साली अमेरिकेत त्याचा नाकातील फवारा या तक्रारीसाठी वापरू नये असे ठरले. म्हणून दुकानातून परस्पर आणू नये.

काही खुणा मात्र घरी बसू देणाऱ्या नाहीत. लघवीला आग आणि ताप, धार बारीक असणे, दिवसरात्र सतत गळणे, अतिशय तहान लागून वजन उतरणे, सहा महिने कोरडे राहून पुन्हा सुरू होणे, कमरेच्या कण्यावर खळगा किंवा केसांचा झुपका असणे. यांपैकी काही दिसले तर आपल्या ग्रामीण रुग्णालयात लगेच दाखवावे. ज्यांचा कणा जन्मतः उघडा राहिला अशा मुलांनाही आज आशा आहे. १९७२ साली डॉक्टर लॅपिडीस यांनी स्वच्छ हातांनी ठराविक वेळी नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची रीत मांडली. ही रीत आई शिकते, पुढे मूल स्वतः शिकते आणि मूत्रपिंडे वाचतात. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीस येतात. त्यांना ही गोष्ट संकोच सोडून सांगावी.

समारोपास दोनच विनंत्या करतो. गुरुजनांनो, मूल बोट वर करील तेव्हा त्याला जाऊ द्या, आणि मुतारीच्या दाराला कडी आहे ना, ते उद्याच पाहा. आणि आयांनो, उद्या पहाटे गोधडी ओली निघाली तर मुलाला हाक मारा, दोघे मिळून ती वलणीवर घाला, आणि त्याविषयी शेजारी एक शब्दही बोलू नका. उपचाराचा आरंभ तेथून होतो.