बाकावरचे दोन तास



उमेदवारीच्या काळात ओपीडीत एक वाक्य मी दिवसातून वीसदा तरी बोलत असे : ‘उद्या उपाशीपोटी या.’ एकदा सातव्या महिन्यातली एक बाई दोन एसट्या बदलून आली. निघताना तिने भाकरी खाल्ली होती. मी तिला परत पाठवलं. मग ती आली ती थेट कळा घेऊनच. बाळ सव्वाचार किलोचं, खांदा अडकला. बाळ वाचलं, पण त्याचा उजवा हात कित्येक महिने लुळा होता. आईची साखर त्या रात्री तपासली. भरपूर होती.

चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुरस्कारलेली आणि केंद्र सरकारने २०१४मध्ये मार्गदर्शक सूचनांत घेतलेली पद्धत मला पटली ती यामुळे. बाई जेवून आली का, हे विचारायचंच नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त. १४० किंवा वर आलं की गरोदरपणातला मधुमेह. पहिल्याच भेटीत एकदा. ठीक निघालं तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा, कारण वार वाढते तशी तिची संप्रेरकं इन्सुलिनचा जोर मोडत जातात. निदान झालेल्या बहुतेकींना आहार सांभाळून भागतं, बाकीच्यांना औषध.

जागतिक आरोग्य संघटनेचे २०१३चे निकष उपाशीपोटीच्या ९२पासून सुरू होतात. नुसती उपाशीपोटीचीच साखर चढलेल्या बायका आपल्या चाचणीतून निसटतात, हा आक्षेप खरा आहे. जिथे बाई दुसऱ्या दिवशी नक्की येते, तिथे खुशाल तीनदा रक्त घ्या. पण निसटलेल्यांचा हिशेब मांडताना परत न आलेलीलाही त्यात धरा.

मला खरी काळजी आहे ती बाकावरच्या दोन तासांची. ग्लुकोजचा पुडा १०० ग्रॅमचा, वजनकाटा कपाटात, म्हणून ‘थोडं ठेवून बाकीचं ओता’ हे मी स्वतः ऐकलंय. रजिस्टरात दोन तास, प्रत्यक्षात सव्वा तास, कारण तिची गाडी साडेबाराची! सव्वा तासाला साखर बहुधा अजून चढलेलीच असते. धडधाकट बाई आजारी ठरते. ओकारी अर्ध्या तासाच्या आत झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी, नंतर झाली तर चालू ठेवायची, हेही प्रत्येक नर्सताईला कुणी सांगितलेलं नसतं. आपण परिषदांमधून दोन तासांची मर्यादा १४० की संघटनेची १५३ यावर तावातावाने भांडतो. त्या बाकावर पंखा आहे का, सासूबाईंना बसायला जागा आहे का, हे कुणी पाहिलंय?

आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी पुन्हा करायची असते, ती तर जवळजवळ कुणीच करत नाही. तोवर बाई माहेरी, सव्वा महिना नुकताच सरलेला. पण बाळाची दीड महिन्याची लस मात्र सहसा चुकत नाही. म्हणून आमच्याकडे आम्ही कार्डावर त्या लसीच्या तारखेपुढे लाल पेनाने ‘आई – शुगर’ एवढं लिहितो. मग कुठल्या तरी लांबच्या उपकेंद्रातून फोन येतो : ‘मॅडम, लस बाळाला द्यायची ना? मग हे आईचं काय लिहिलंय?’