धुवण कोठे जाते?

श्रोतेहो, आणि विशेषेकरून यंदा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात दाखल झालेल्या माझ्या तरुण मित्रांनो,

जड पाणी, ज्याला आपली पाठ्यपुस्तके दुष्फेन म्हणतात, ते बॉयलरला का चालत नाही, त्याच्या नळ्यांवर कठीण पापुद्रा कसा धरतो आणि त्या पापुद्र्यापायी इंधन कसे वाया जाते, हे आपण शिकलेलेच आहात. त्यात मी वेळ दवडीत नाही. मला मिळालेली दहा मिनिटे मी आपल्या उत्तरपत्रिकांतील एका लहानशा वाक्याकरिता खर्च करणार आहे. झिओलाइट पद्धतीने पाणी सुफेन कसे करतात, या प्रश्नाच्या उत्तरात आपण स्वच्छ आकृती काढता. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम झिओलाइटमध्ये अडकून राहतात व त्यांच्या मोबदल्यात सोडियम पाण्यात उतरते, हे समीकरणासह मांडता. झिओलाइट थकला म्हणजे मिठाचे दहा टक्क्यांचे द्रावण त्यातून सोडून तो पुन्हा ताजा करतात, हेही लिहिता. आणि मग अगदी शेवटी, पूर्णविरामाच्या आधी, लिहिता की धुवणाचे पाणी गटारात सोडावे. हे वाक्य चुकीचे नाही, पुस्तकातलेच आहे, आणि मी त्याला वर्षानुवर्षे पूर्ण गुण देत आलो आहे. तरीही ते मला सलते.

धुवण हा शब्द मुळात स्वयंपाकघरातला. माझ्या आजीच्या घरी कोणतेही पाणी नुसते ‘सोडले’ जात नसे. प्रत्येकाचा मुक्काम ठरलेला असे. तांदळाचे धुवण गाईच्या आंबोणात जाई, मोरीचे पाणी पाटाने परसातल्या अळवाला आणि केळींना जाई, आणि खारातल्या आंब्यांची बरणी रिकामी झाली की तिच्यातला खार मात्र ती स्वतः उचलून अंगणातल्या फरसबंदीपर्यंत नेई व फटींतून उगवलेल्या तणावर ओती. लहानपणी एकदा मी तो खार जवळ पडतो म्हणून अळवाकडे घेऊन निघालो, तेव्हा तिने माझा हात धरला. ‘अरे, अळू जळेल! खाराचं पाणी मुळाशी घालतात होय?’ तिला क्लोराइड हा शब्द ठाऊक नव्हता. पण बरणीतले मीठ पाण्याबरोबर जाते, पाणी उडून गेले तरी मीठ जागेवर राहते, एवढे तिला पक्के ठाऊक होते, आणि आपल्या समीकरणाचे जे अर्धे आपण पानाच्या तळाशी उरकून टाकतो ते ती अंगणात चालून पुरे करीत असे.

आता तीच बरणी कारखान्याच्या मापाने पाहू. दर लिटरला 400 मिलिग्रॅम दुष्फेनता असलेले हजार लिटर पाणी आपण सुफेन केले, असे धरा. हिशेबाने 468 ग्रॅम मीठ लागते. प्रत्यक्षात झिओलाइट नीट ताजा व्हायचा तर दुपटीच्या घरात, म्हणजे सुमारे एक किलो लागते. त्या किलोभर मिठात 607 ग्रॅम क्लोराइड असते, आणि झिओलाइट क्लोराइडला हातही लावीत नाही. ते जसे आत गेले तसे सगळेच्या सगळे बाहेर येते. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड दर लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत असावे, असे आपले मानक आहे. भागाकार करून पाहा : हजार लिटर पाणी बॉयलरसाठी सुफेन करताना आपण जे धुवण सोडतो, तेवढे सुमारे अडीच हजार लिटर निर्मळ पाण्याला त्या मर्यादेच्या काठावर नेऊन ठेवण्यास पुरेसे आहे. तुरटीने ते खाली बसत नाही, चुन्याने बसत नाही, वाळूच्या गाळणीत अडकत नाही. गटारात सोडले म्हणजे नाहीसे झाले, असा जर कोणाचा समज असेल तर त्याने हा आकडा वहीत उतरवून घ्यावा.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन मी एका कारखान्यात गेलो होतो. बॉयलरघरामागे सुफेनकाची टाकी, शेजारी मिठाची पोती, आणि टाकीच्या बुडातून निघालेली नळी भिंतीच्या भोकातून पलीकडे गेलेली. विद्यार्थी टाकीभोवती जमून आकृती काढीत होते. मी भिंतीला वळसा घालून पलीकडे गेलो. नळीच्या तोंडाशी जमीन पांढरी पडली होती, पायाखाली मिठाचा पातळ थर कुरकुरत होता, आणि वीसेक पावलांवर उतारालाच एक विहीर होती. बॉयलरवरील मिस्त्री सहज म्हणाला, ‘साहेब, हल्ली पोतं लवकर संपतं.’ पाणी कोठून घेता, असे मी विचारले. त्याने त्याच विहिरीकडे बोट दाखविले. बाटलीभर पाणी आणून आम्ही ईडीटीएने अनुमापन केले. मद्यासारखा तांबडा रंग निळा होता होईना, ब्युरेट दुसऱ्यांदा भरावी लागली. भिंतीपलीकडे सोडलेले कॅल्शियम विहिरीतून पुन्हा टाकीत येत होते आणि प्रत्येक फेरीला नवे मीठ मागत होते.

आणि मीठ केवळ विहिरीचेच नुकसान करते असे नाही. आयनांच्या अदलाबदलीचा हा व्यवहार मनुष्याच्या ध्यानात प्रथम आला तो कोणत्याही टाकीत नव्हे, तर शेताच्या मातीत. इंग्लंडमध्ये थॉम्प्सन आणि वे या दोघांनी 1850 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आपली काळी जमीन हाच एक विस्तीर्ण झिओलाइट आहे. तिच्या कणांवर कॅल्शियम असते तोवर ती भुसभुशीत राहते. सोडियम येऊन बसले की कण विसकटतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही, आणि शेतकरी म्हणतो, रान चोपण झाले. नीरेच्या कालव्याखाली किंवा कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात जमिनी बिघडल्या त्या अतिरिक्त पाण्याने व निचऱ्याच्या अभावाने, सुफेनकाच्या धुवणाने नव्हे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण दोष चुकीच्या दारात नेऊन टाकणे मला मान्य नाही. परंतु समीकरण तेच आहे. चोपण रानाला जिप्सम घालतात ते जिप्सममधल्या कॅल्शियमने सोडियमची जागा परत घ्यावी म्हणून. म्हणजे परीक्षेत आपण झिओलाइट ताजा करण्याची जी विक्रिया डावीकडून उजवीकडे लिहिता, तीच तो शेतकरी पदरचे पैसे मोजून उजवीकडून डावीकडे चालवीत असतो. आणि तेथेही निघालेले सोडियम चरांवाटे खाली जाते. खाली म्हणजे कोठे, हा प्रश्न तेथेही सुटत नाही.

कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. सुफेनक वाईट, बॉयलर वाईट, असे माझे म्हणणे मुळीच नाही. माझे मागणे इतकेच की त्या शेवटच्या वाक्यापाशी आपली लेखणी थांबावी आणि तिने आणखी चार ओळी लिहाव्यात : धुवण किती लिटर, त्यात मीठ किती, ते कोणत्या नाल्याला मिळते, आणि त्या नाल्याखाली कोणाची विहीर आहे. जलप्रदूषणाचा कायदा 1974 साली झाला. त्याची कलमे कारखान्याचा व्यवस्थापक पाहील, पण नळीचे तोंड कोणत्या बाजूस काढायचे हे नकाशावर आपणच आखणार आहात. मीठ मोजून घालणे, धुवणाचा शेवटचा पातळ भाग साठवून पुढच्या खेपेस पहिल्याने वापरणे, या गोष्टी अवघड नाहीत. त्याकरिता एक जादा टाकी आणि एक जादा झडप लागते.

चुना-सोडा पद्धतीविषयी बोलायचे राहिलेच. तेथे धुवणाऐवजी गाळ निघतो, आणि चुन्याने 100 ग्रॅम तात्पुरती दुष्फेनता काढली तर 200 ग्रॅम गाळ खाली बसतो, कारण घातलेला चुनाही त्यातच येतो. तो गाळ भट्टीत भाजून त्याचा पुन्हा चुना करता येतो, मात्र त्यात मॅग्नेशियम मिसळलेले असले तर... पण काचेपलीकडून मला खूण होत आहे. उद्या प्रयोगशाळेत जाल तेव्हा मोरीखालचा नळ इमारतीबाहेर कोठे निघतो, तेवढे पाहून या.