रक्त घेतल्याची नोंद जपा
(डहाणू रोड येथील आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



रक्तदानाविषयी आपण नेहमी ऐकतो. आज रक्त घेणाऱ्या रुग्णाविषयी थोडे सांगावयाचे आहे. डहाणू-तलासरी भागातील आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर नाश पावतात. अशा काही रुग्णांना पुन:पुन्हा रक्त द्यावे लागते.

रक्तगट म्हणजे ए, बी, एबी आणि ओ एवढेच, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला ‘बॉम्बे’ रक्तगट वरवर ओ गटासारखा भासतो, तरी त्या व्यक्तीस ओ गटाचे रक्त चालत नाही. याशिवाय आर-एच, केल इत्यादी गटांचे अनेक घटक तांबड्या पेशींवर असतात. आपल्याजवळ नसलेला घटक दात्याच्या रक्तातून आला, तर काही रुग्णांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. पुढे तसेच रक्त मिळाल्यास ही प्रतिपिंडे दात्याच्या पेशींचा नाश करतात.

हा धोका सर्वांना सारखा नसतो. वारंवार रक्त घेणारे, सिकलसेल व थॅलसेमियाचे रुग्ण यांना तो अधिक असतो. गरोदरपणी व प्रसूतीच्या वेळी बाळाच्या पेशी मातेच्या रक्तात मिसळू शकतात. म्हणून माता झालेल्या स्त्रियांतही प्रतिपिंडे आढळतात. रक्त देतेवेळी शरीरात दाह असल्यास धोका वाढू शकतो. दाता व रुग्ण भिन्न समाजांतील असल्यास न जुळणारे घटक अधिक असण्याचा संभव असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रतिपिंडांचे प्रमाण कालांतराने अनेकदा इतके घटते, की तपासणीत ती सापडत नाहीत. मात्र शरीर त्यांना विसरत नाही. न जुळणारे रक्त मिळताच ती पुन्हा वाढतात आणि काही दिवसांनी, रुग्ण पाड्यावर परतल्यावर, ताप, कावीळ, गडद लघवी व अशक्तपणा दिसू लागतो. ही नेहमीची कावीळ समजून दुर्लक्ष करू नये. त्वरित रुग्णालय गाठावे.

आपल्या भागातील रुग्ण कधी डहाणूस, कधी सिल्वासा, वापी वा वलसाडला, तर कधी मुंबईस उपचारासाठी जातो. एका ठिकाणी सापडलेले प्रतिपिंड दुसऱ्या ठिकाणी ठाऊक असेलच असे नाही. ही उणीव रुग्णाजवळील कागदच भरून काढतो.

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आहे. त्यातील तपासणीचे कार्ड आणि रक्त घेतल्याची तारीख, रुग्णालय व आढळलेली प्रतिपिंडे यांची नोंद एकत्र ठेवावी. पूर्वी रक्त घेतले असल्यास, गर्भारपण वा गर्भपात झाला असल्यास डॉक्टरांना न विचारताही सांगावे. डॉक्टरांनी व रक्तपेढीनेही हे आवर्जून विचारावे आणि नेहमी रक्त लागणाऱ्या रुग्णांसाठी आर-एच व केल घटक शक्यतो जुळवून घ्यावेत.

दात्याने दिलेले रक्त रुग्णाला खरोखर लाभावे, यासाठी एवढी दक्षता आपण सर्वांनी घेतली पाहिजे.