मोठ्यांची हौस आणि मुलांचा खाऊ

मराठी घरांत 'खाऊ' ह्या शब्दाला मोठा मान आहे. बाजारांतून परतलेल्या आजोबांच्या पिशवींत काय आहे हें पाहण्यासाठीं दारापर्यंत धांवत येणारीं नातवंडें, निरोपाच्या वेळीं भाच्याच्या मुठींत 'खाऊला' म्हणून नोट सरकविणारी मावशी, हीं दृश्यें अजूनही दुर्मिळ झालेलीं नाहींत. बाहेर गेलेल्या माणसानें रिकाम्या हातानें घरीं येऊं नये, अशी ही रीत. आणि ती सहसा कोणाला जड वाटत नाहीं. परंतु शहरांतील मिळवत्या आईबापांपुढें आतां थोडा निराळा प्रश्न उभा राहतो. कचेरी सुटल्यावर वडिलांनीं मित्रांबरोबर २०० रुपयांची कॉफी घेतली, किंवा पगाराच्या दिवशीं आईनें दादरच्या बाजारांत स्वतःकरितां एक साडी घेतली, तर त्याच संध्याकाळीं मुलांसाठींही कांहीं घेतलेंच पाहिजे काय? न घेतल्यास तो आपमतलबीपणा ठरतो काय?

श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या मनांत ह्याचें उत्तर तयार असेल. कोणी म्हणेल, मुलांसाठीं वर्षभर खर्च चाललेलाच असतो, मोठ्यांनीं एखादे दिवशीं हौस केली तर त्याचा हिशेब कशाला? दुसरा म्हणेल, मुलांना टाकून आईबापांच्या घशाखालीं घांस उतरतो तरी कसा? दोन्ही उत्तरांत एकच उणीव आहे. मुलादेखत खाल्लेला वडा आणि मुलाच्या पाठीमागें घेतलेली साडी ह्या दोन अगदीं वेगळ्या गोष्टी आहेत, हें दोघेंही विसरतात.

खाण्याचा निवाडा आपल्याकडे फार पूर्वीं झालेला आहे. महाभारताच्या उद्योगपर्वांत विदुरानें धृतराष्ट्राला जो उपदेश केला, त्यांत रुचकर पदार्थ एकट्यानें खाऊं नये हेंही सांगितलें आहे. एकच पेढा चार तुकडे करून वाटणाऱ्या आजीनें विदुरनीति वाचलेली नसते, पण ती पाळलेली असते. तेव्हां भेळेच्या गाडीपाशीं उभें राहून वडिलांनीं 'तुला तिखट लागेल' म्हणत सारी भेळ एकट्यानें संपवावी, हा व्यवहार कोणत्याही दृष्टीनें शोभत नाहीं. तिखट असेल तर मुलाला कुरमुरे द्यावे, शेजारची कुल्फी द्यावी. ह्यांत लाड कांहींच नाहींत. पाहुण्याला उपाशी ठेवून यजमान जेवत नाहीं, इतकाच हा शिष्टाचार. मुलाला द्यावयाचें नसेल तर त्याच्यासमोर खाऊं नये.

साडीची, पुस्तकाची किंवा मैत्रिणींबरोबर पाहिलेल्या नाटकाची गोष्ट मात्र अशी नव्हे. येथें मुलाच्या ताटांतलें कांहींच कमी झालेलें नसतें. तरीही अनेक आयांना दुकानाच्या पायरीवरच एक विचित्र हिशेब सुचतो: आपल्यासाठीं ८०० रुपयांची वस्तु घेतली, आतां मुलासाठीं निदान ३०० रुपयांचें खेळणें घेतलेंच पाहिजे. महिन्याच्या खर्चांत दोन्ही बसत नाहींत, म्हणून शेवटीं खेळणें घरीं येतें आणि साडी दुकानांतच राहते. (वडिलांच्या मनांत हा हिशेब सहसा येत नाहीं, हें नमूद करावयास हरकत नसावी.) सर्वांच्या मागून जेवणारी, उरलेली पोळी आपली मानणारी आई मराठी घरांनीं पिढ्यान्पिढ्या पाहिली आणि तिचें कौतुकही पुष्कळ केलें. परंतु अशा घरांत वाढणाऱ्या मुलाला आईलाही कांहीं आवडतें, हें ठाऊकच होत नाहीं. मुलगा पुढें पत्नीकडून तीच अपेक्षा ठेवतो. मुलगी तोच वसा उचलते. दुसऱ्याच्या प्रत्येक आनंदावर आपला कांहीं कर बसतो, अशी समजूत मुलाच्या मनांत रुजावयास एखादें वर्षही पुरतें.

ह्या दोहोंच्या मध्यें एक चोरवाट आहे आणि आजच्या शहरांत ती फार रुळलेली आहे. मुलें झोपल्यावर फोनवरून आइस्क्रीम मागवावयाचें, दिवा मंद करून खावयाचें आणि रिकामे कप कचऱ्याच्या डब्यांत वर्तमानपत्राखालीं दडवावयाचे. ह्यांत महापाप नाहीं. दिवसभर थकलेल्या दोघांना तेवढा निवांतपणा मिळावा हें बरेंच. पण सकाळीं तो कप मुलाच्याच हातीं लागतो. ''काल तुम्ही आइस्क्रीम खाल्लंत?'' ह्या प्रश्नाला ''नाही रे, शेजारचे काका आले होते,'' असें उत्तर मिळालें, तर आइस्क्रीमपेक्षां तें उत्तर महाग पडतें.

तें किती महाग पडतें ह्याची कल्पना एका प्रयोगावरून येते. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत वॉल्टर मिशेल ह्या मानसशास्त्रज्ञानें १९६० नंतरच्या दशकांत लहान मुलांपुढें खाऊ ठेवून पाहिला: आतांच खाल्लें तर थोडें, कांहीं वेळ थांबलें तर अधिक. जें मूल थांबतें त्याचा मनोनिग्रह मोठा, असा त्याचा अर्थ पुष्कळ वर्षें लावला गेला. २०१३ मध्यें रॉचेस्टर विद्यापीठांतील संशोधकांनीं त्यांत एक पायरी वाढविली. त्यांनीं २८ मुलांना प्रथम रंगकामाचें अधिक चांगलें साहित्य आणून देण्याचें वचन दिलें. निम्म्या मुलांच्या बाबतींत तें पाळलें, उरलेल्यांना 'साहित्य नाहींच' म्हणून सांगितलें. मग खाऊ पुढें ठेवला. वचन पाळलेलीं मुलें सरासरीनें १२ मिनिटें थांबलीं. फसविलेलीं ३ मिनिटें. पूर्ण १५ मिनिटें धीर धरणारीं पहिल्या गटांतील १४ पैकीं ९ होतीं, दुसऱ्यांतील अवघें एक. प्रयोग लहानसाच आहे, पण 'उद्यां आणूं' हे शब्द सहज तोंडांतून टाकणाऱ्या आईबापांनीं तो लक्षांत ठेवण्याजोगा आहे. ज्या घरांत उद्यांचा खाऊ उद्यां खरोखर येतो, तेथील मूल आईची नवी साडी शांतपणें पाहूं शकतें.

खाऊ म्हणजे प्रत्येक वेळीं गोडच असावें, असेंही नाहीं. वरून घातलेली साखर एकूण आहाराच्या उष्मांकांत १० टक्क्यांहून कमी असावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ मध्यें सांगितलें. चणेफुटाणे, बोरें, मीठमसाला लावलेला पेरू हेही खाऊच. मात्र डबा डोळ्यांसमोर ठेवून त्यावर पहारा बसविण्यानें ओढ कमी होत नाहीं. तो डबा घरांत न आणणें अधिक सोपें.

मुलाची तक्रार खरी असते ती एका ठिकाणीं. चेंडू मागितला कीं ''ह्या महिन्यात पैसे नाहीत'' असें ऐकावयाचें, आणि वडिलांचें पान, सिगारेट, शनिवारचें बाहेरचें जेवण मात्र अखंड चालू! हा भेद पांच वर्षांच्या मुलालाही दिसतो. काटकसर असेल तर ती साऱ्या घराची असावी, आणि हौसेसाठीं कांहीं शिल्लक राहत असेल तर तिच्यांत मुलाचाही एक वांटा ठरलेला असावा. मग तो ५० रुपयांचा कां असेना, त्याचें काय करावयाचें हें त्यानेंच ठरवावें. असा वांटा असलेल्या घरांत आई बाजारांतून परतली कीं मूल पिशवी धुंडाळतें, ती रीत कांहीं जात नाहीं. ''मला काय आणलंस?'' असें तें विचारतेंच.

''आज तुला काही नाही. आज माझी साडी आहे. कशी आहे ते सांग.''

मूल क्षणभर हिरमुसतें. मग पदर हातांत घेऊन त्यावरचे मोर मोजूं लागतें.