चित्रांचें व्याकरण

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत 'टिफ्रॅक' संगणकाच्या उभारणींत अग्रभागीं असलेले आर. नरसिंहन १९६० नंतरचीं कांहीं वर्षें अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत होते. तेथें त्यांच्यापुढें छायाचित्रांचा एक विलक्षण प्रश्न आला. डोनाल्ड ग्लेसर यांनीं १९५२ मध्यें शोधलेल्या बुद्बुद-कोठींत विद्युद्भारित कण द्रवांतून धांवला कीं त्याच्या मागें सूक्ष्म बुडबुड्यांची रेघ उमटते. अशा रेघांचीं छायाचित्रें हजारोंनीं निघत, आणि तीं तपासणाऱ्यांचे डोळे शिणून जात. तेव्हां हें काम यंत्रावर सोंपवावें, हें ओघानेंच आलें. पण 'हें चित्र अमुक जातीचें' एवढी चिठ्ठी लावून भागण्यासारखें नव्हतें. रेघ कोठें फुटली, तिला फांटे किती आले, हें कळणें हाच खरा निकाल. चित्राला नुसतें नांव नको, त्याच्या रचनेचें वर्णन हवें, असा आग्रह नरसिंहन यांनीं १९६४ च्या निबंधांत धरला.

रचना म्हटली कीं व्याकरण आलें. नोम चॉम्स्की यांनीं १९५६-५७ च्या सुमारास वाक्यरचनेचे नियम गणिती रूपांत मांडले होते: एक चिन्ह काढावें, त्या जागीं चिन्हांची ओळ ठेवावी. ओळीला दोनच टोकें. नवा तुकडा बसवितांना घोटाळा होत नाहीं. गुणसूत्राची कड हीहि एक ओळच. तिचे बांक क्रमानें लिहून रॉबर्ट लेडली यांना तिचा आकार ओळखतां आला. फांटे फुटणाऱ्या चित्राला मात्र ओळ पुरत नाहीं. तेथें बिंदु व त्यांना जोडणाऱ्या रेषा यांचें जाळेंच घ्यावें लागतें. असें जालव्याकरण जॉन फाल्ट्झ व अझ्रिएल रोझेनफेल्ड यांनीं १९६९ मध्यें मांडलें.

येथें एक मौजेची अडचण उभी राहते. श्रोत्यांनीं रेल्वेचा लहान नकाशा डोळ्यांपुढें आणावा. त्यावर 'मुंबई' हा एकच बिंदु. एक रेषा सुरतेकडे, दुसरी कल्याणकडे. आतां तो बिंदु पुसून तेथें मुंबई सेंट्रल व छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस असे दोन बिंदु काढावयाचे आहेत. काढणें सोपें, पण सुरतेची रेषा कोणाला बांधावी आणि कल्याणची कोणाला? नियमानें हें सांगितलें नाहीं, तर गाडी भलत्याच स्थानकावर येईल. ही सांधणी प्रत्येक नियमासोबत लिहावी लागते, आणि जालव्याकरणाचा सारा कस तिच्यांतच आहे.

उलट वाट त्याहून बिकट. तयार जाळें कोणत्या नियमांनीं विणलें, हें शोधावयाचें. मोठ्या जाळ्यांत दिलेला लहान तुकडा आहे कीं नाहीं, एवढें पाहूं गेलें तरी शक्यता भराभर फुगत जातात. त्यांत छायाचित्रावरील धुळीचा कण दोन रेघांना सांधून टाकतो, न उमटलेला बुडबुडा अखंड रेघ तोडतो. आणि व्याकरण बिचारें त्या खोट्या जाळ्याचाच इमानानें अन्वय लावीत बसतें. पर्ड्यू विद्यापीठांतील किंग-सुन फू यांनीं म्हणूनच नियमांना संभवाचीं मापें जोडलीं, आणि बिघडलेल्या चित्राला जवळांत जवळचें शुद्ध रूप शोधून देण्याची सोय व्याकरणांत केली.