दात घासताना येणारा उमासा
(सोमेश्वरनगर येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

मंडळी, व्याख्यानमालेत इतिहास, शेती, संतसाहित्य असे विषय असतात. दात घासताना येणाऱ्या ओकारीवर बोलायचं मी मुद्दाम ठरवलं, कारण हा त्रास घरोघरी आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. सकाळी वाघळवाडीतून, करंज्यातून चालत जा, एखाद्या तरी मोरीतून तो आवाज ऐकू येतो. घरातल्यांना त्याची सवय झालेली असते. ‘दादांचं तोंड धुणं चाललंय’ एवढंच म्हणतात. पुष्कळांना तर वाटतं, उमासे आले म्हणजे रात्रीचं पित्त पडलं, घसा साफ झाला. म्हणून ते जिभेच्या मुळाशी बोटं घालून ओकारी काढतात.

ही समजूत आधी सोडू या. जिभेचं मूळ, मऊ टाळू, पडजीभ, घशाची मागची भिंत या जागा फार जाग्या असतात. तिथे काही टेकलं की मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी नववी नस वर्दी देते आणि दहावी घशाचे स्नायू आवळून ती वस्तू बाहेर लोटते. नको ती वस्तू श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून निसर्गाने बसवलेला हा राखणदार आहे. उलटीचं नियंत्रणही मेंदूच्या त्याच भागातून, लंबमज्जेतून होतं. म्हणून उमासे वाढले की खरीच उलटी होते. रिकाम्या पोटी जोर केला की आतड्यातलं पित्त उलटं वर चढतं. ते कडू पिवळं पाणी पाहून माणसाला वाटतं, बरं झालं, घाण गेली. खरं म्हणजे त्याने ते स्वतःच वर ओढून आणलेलं असतं, आणि त्याबरोबर येणारं जठरातलं आम्ल रोज दाताचं कवच झिजवतं.

आयुर्वेदाचा आधार घेणाऱ्यांसाठी सांगतो. अष्टांगहृदयात वाग्भटाने दिनचर्येत दंतधावन सांगितलं आहे, आणि तिथेच अजीर्ण, उलटी, दमा, खोकला, ताप असताना दातवण चावू नये असंही बजावलं आहे. वमन हा वैद्याच्या देखरेखीखाली करायचा वेगळा उपचार आहे. तो रोज सकाळी मोरीत करायचा नसतो.

मग त्रास कमी कसा करायचा? ब्रश लहान डोक्याचा, मऊ घ्या. मोठ्या माणसाने लहान मुलांचा ब्रश वापरला म्हणून काही बिघडत नाही. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. जाहिरातीतली ब्रशभर पेस्ट फक्त फेस करते. तो फेस बहुधा सोडियम लॉरिल सल्फेटमुळे होतो आणि घशाकडे सरकला की उबळ येते. कमी फेसाची, कमी झणझणीत पेस्ट मिळते, ती मागा. घासताना मान पुढे झुकवा, लाळ थुंकत राहा आणि श्वास नाकाने संथ घ्या. श्वास कोंडला की उमासा आलाच. सर्दीने नाक चोंदलं असेल तर आधी ते मोकळं करा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाई करू नका. एकदा ओकारी आली की दुसऱ्या दिवशी ब्रश पाहूनच पोट ढवळतं, ही शरीराला लागलेली सवय असते. ती मोडायला पुढच्या दातांपासून सुरुवात करा. जिथे उमासा येतो त्याच्या अलीकडे थांबा, नुसता ब्रश टेकवा, दोन श्वास घ्या, मागे या. रोज थोडं आत. काही दिवसांत घसा ती जागा मानून घेतो. जिभेचा मुळाकडचा भाग सोडून द्या, पुढचा भाग हलक्या हाताने पुसला तरी चालतं. आणि सकाळी जमतच नसेल तर चूळ भरा, न्याहारीनंतर अर्ध्या तासाने घासा. रात्रीचं घासणं मात्र सोडू नका. उमाशाला भिऊन माणूस आधी दाढा सोडतो. पुढचे दात चमकतात आणि मागे कीड पोसली जाते, हे मी फार पाहिलं आहे.

गरोदरपणात हा त्रास वाढतो. सुनेला ‘नाटकं करते’ असं म्हणू नका. उलटी झाल्यावर लगेच ब्रश नको, आम्लाने कवच मऊ पडलेलं असतं. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरू द्या, अर्ध्या तासाने घासू द्या. पोटात पाणीही टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर त्याच दिवशी दवाखाना.

आता मिसरीकडे येतो, आणि इथे मला कळकळीने बोलायचं आहे. गावातल्या बायका सांगतात, ‘ब्रशने मळमळतं, मिसरीने बरं वाटतं.’ ऊसतोडीच्या कोप्यांवरही तेच. मिसरी म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखू. पहिल्यांदा लावणारीला ती ‘लागते’, गरगरतं, मळमळतं, कारण निकोटिन उलटीच्या केंद्राला डिवचतं. पुढे शरीर सरावतं आणि मग तिच्यावाचून सकाळ होत नाही. केंद्र सरकारने 1992 साली टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पण घरच्या चुलीवर भाजली जाणारी मिसरी त्या बंदीच्या बाहेरच राहिली. मुंबईतल्या गरोदर बायकांचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी शंभरेक ग्रॅमने हलकी होती, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी मिसरीच लावणाऱ्या होत्या. मळमळीवरचा उपाय म्हणून गरोदर मुलीच्या हातात मिसरी देऊ नका.

पुरुषांच्या बाबतीत गुटखा आणि सुपारी. राज्यात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे, तरी तो चघळला जातोच. सुपारीने गालाची आतली कातडी ताठरते, तोंड उघडेनासं होतं, तिखट लागलं की आग होते. मग ब्रश आत शिरताना सगळीकडे घासतो. हा नुसता उमासा नाही, त्याचा पुढे कर्करोग होऊ शकतो. पांढरा चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, गिळताना अडकणं, उलटीत रक्त, वजन उतरणं, सकाळच्या उलटीबरोबर जोराची डोकेदुखी, यांतलं काहीही असेल तर ब्रश बदलून भागणार नाही.

आज घरी गेल्यावर आपली मधली तीन बोटं उभी करून तोंडात मावतात का ते बघा. मावत नसतील तर ऊसतोडीचा हंगाम संपायची वाट न बघता बारामतीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवा.